जिवाणूंची पेशीभित्तिका

जिवाणूच्या पेशीपटलाबाहेरचे कणखर आवरण. जुन्नर-आंबेगावच्या गोठ्यांत गायींना होणारी दगडी, म्हणजे कासदाह, पाहिली की ही भित्तिका केवळ आकार देणारे कवच नाही, हे पटते. तिचा सांगाडा पेप्टिडोग्लायकनचा असतो: शर्करेच्या लांब साखळ्या पेप्टाइडांच्या आडव्या टाक्यांनी गुंफलेल्या. आत शिरणाऱ्या पाण्याचा दाब हेच जाळे पेलते. पिंपरीत १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने बनवलेले पेनिसिलीन टाके घालणारे विकर निकामी करते. वाढती पेशी मग फुटते. दगडी आणणाऱ्या जिवाणूंपैकी स्टॅफिलोकॉकस ऑरियसची भित्तिका जाड, उघडी, ई. कोलायची पातळ, पण वर मेद व शर्करायुक्त बाह्यपटल. त्यामुळे साधे पेनिसिलीन ई. कोलायवर फारसे चालत नाही, आणि पेशी फुटल्यावर त्या पटलातील विषच गायीला तापाने आडवी करते.

मायकोप्लाझ्मा हा जिवाणू भित्तिकेविना दगडी आणतो, मग भित्तिका आवश्यक कशी, हा आक्षेप रास्त आहे. पण तो जनावराच्या शरीरातील स्थिर क्षारतेच्या आश्रयाने, स्टेरॉलने बळकट झालेल्या पटलावर तगतो. पेनिसिलीन त्याच्यावर निष्फळ ठरते, यातूनच औषधाचे लक्ष्य भित्तिका असल्याचे दिसते. म्हणून सडात औषध सोडण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून दुधाची तपासणी करून घ्यावी.