लाकडी फळी, खडू आणि तीन बाण

डिसेंबर १९३७ मधली गोष्ट. लंडनजवळच्या स्लाव ह्या कारखान्यांच्या गावी कामगारांसाठी एक करमणूक केंद्र उभारलेले होते. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ (पुढे गादीवर आलेल्या दुसऱ्या एलिझाबेथच्या ह्या मातोश्री) ते पाहायला गेले. भिंतीवर एक गोल तबकडी टांगलेली होती. दोघांनीही वीतभर लांबीचे बाण उचलले आणि फेकले. राणीचे गुण झाले २१, राजेसाहेबांचे १९! वर्तमानपत्रांनी ही बातमी मोठ्या चवीने छापली.

तुम्ही म्हणाल, त्यात एवढे काय? ते कळायला हा डार्ट्सचा खेळ कोठल्या खोलीतून आला ते पाहिले पाहिजे.

इंग्लंडात 'पब्लिक हाउस' नावाची जागा असते. बोलण्यात तिला 'पब' म्हणतात. दारूने घरे कशी बुडतात हे मी तुम्हांला सांगायला नको. तरी पबला नुसता गुत्ता म्हणून भागत नाही. गल्लीतली माणसे दिवसभराचे काम उरकून तेथे जमत आणि बियरचा एक पेला पुढ्यात ठेवून तास दोन तास बोलत बसत. आपल्याकडे जे पारावर चालते, ते त्या थंड मुलखात छपराखाली, शेगडीशेजारी चाले. आतही पायरी होतीच. एका खोलीत गालिचा आणि गुबगुबीत खुर्च्या. दुसरीत उघडी जमीन, लाकडी बाके आणि बियर थोडी स्वस्त. डार्ट्सची फळी टांगलेली असे ती ह्या दुसऱ्या खोलीत.

फळी पूर्वी एल्म नावाच्या झाडाच्या लाकडाची असे. लाकूड सुकले की तडकते, म्हणून पबचा मालक ती रात्री पाण्यात भिजत घाली. मँचेस्टरकडची जुन्या पद्धतीची छोटी फळी अजूनही अशी ओली ठेवतात. १९३० नंतरच्या दशकात नोडोर नावाच्या कंपनीने नवी फळी काढली, ती सिसलच्या धाग्यांची. सिसल म्हणजे आपल्या घायपाताचीच एक जात! बांधावर कुंपणाला लावतो, पाने कुजवून वाख काढतो, दोर वळतो, तेच हे कुळ. हे धागे उभे दाबून बसवले की बाण त्यांच्या मधून शिरतो, आणि उपटला की भोक आपोआप मिटते.

आता आकड्यांकडे या. शिक्षकबंधूंनी येथे जरा थांबावे. तबकडीचे २० भाग, पण आकडे क्रमाने नाहीत. सर्वांत वर २०, त्याच्या एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला ५. १९ च्या शेजारी ३ आणि ७. मोठ्याचा लोभ धरला आणि हात किंचित हलला, की पदरात कवडी! डाव्या अंगाला मात्र १२, ९, १४, ११, ८, १६ असे मध्यम आकडे एकत्र आहेत. ह्या बाजूला इंग्रज खेळाडू 'लग्न झालेल्याची बाजू' म्हणतात, कारण संसारी माणसाने जपून खेळावे!

खेळ वजाबाकीचा. ५०१ पासून निघायचे आणि नेमके शून्यावर यायचे. शेवटचा बाण दुप्पट गुणांच्या कड्यात बसला पाहिजे, आणि ते कडे बोटाहूनही अरुंद. म्हणून मुरलेला खेळाडू शेवटी ३२ उरवायला पाहतो. दुप्पट १६ लागले तर डाव संपला. चुकून साधे १६ लागले तर उरतात १६, मग दुप्पट ८ हवे. पुन्हा चुकले तर ८, मग ४, मग २. चार वेळा निम्मे करता येते आणि दर वेळी वाट मोकळी राहते. शाळा लवकर सुटलेल्या खाणकामगाराला आणि हमालाला हे तोंडपाठ असे. पुढचा डाव ज्याला हवा, त्याने आधी चालू डावाचा हिशेब खडूने लिहायचा, असा रिवाज होता. तो चुकला तर सारी खोली ओरडे.

इतके असूनही वरच्या मंडळींना ह्या खेळाचा संशय होता. पबमध्ये जुगार चालू देणे हा मालकाचा गुन्हा. मग डार्ट्स हा नशिबाचा खेळ की हाताचा? लीड्स शहरची एक गोष्ट ह्याबाबत नेहमी सांगतात. १९०८ मध्ये एका मालकावर खटला झाला. त्याने विल्यम अ‍ॅनाकिन नावाच्या खेळाडूला कोर्टात आणून फळी टांगली. अ‍ॅनाकिनने तीन बाण फेकले, तिन्ही २० मध्ये. मग कोर्टाच्या कारकुनाला फेकायला लावले, त्याला काही ते साधेना. न्यायाधीश म्हणाले, हा कौशल्याचाच खेळ!

गोष्ट झकास आहे, पण तिला समकालीन कागदाचा भक्कम आधार सापडलेला नाही. डार्ट्सचा सामाजिक इतिहास लिहिणारे पॅट्रिक चॅपलिन यांनी अशा दंतकथा बारकाईने तपासल्या आहेत. आकड्यांची मांडणी १८९६ मध्ये ब्रायन गॅमलिन ह्या सुताराने केली, हीही त्यांतलीच एक. मला विचाराल तर ह्या गोष्टींचे मोल निराळे आहे. ज्या लोकांचा खेळ कोणी खेळ मानीत नव्हते, त्यांनी आपल्या बाजूचा निकाल स्वतःच लिहून ठेवला.

खरे निकाल काही सगळे गोड नव्हते. राणीने बाण फेकला त्याच काळात ग्लासगोच्या दंडाधिकाऱ्यांनी पबमधल्या डार्ट्सवर बंदी घातली. कारणे दिली जात ती धोक्याची आणि शिस्तीची. पण तोवर खेळ फार पसरला होता. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' ह्या साप्ताहिकाने लंडनमध्ये १९२७ मध्ये स्पर्धा सुरू केली होती. १९३९ च्या तिच्या अंतिम सामन्यांना १४ हजारांवर प्रेक्षक लोटले. पबमधला स्वस्त कोपरा एवढ्या मोठ्या दिवाणखान्यात येऊन बसला!

पुढे दूरचित्रवाणी आली. १९७८ मध्ये पहिली व्यावसायिक जागतिक स्पर्धा वेल्सच्या लेटन रीस यांनी जिंकली. त्या दिवसांत खेळाडू रंगमंचावर पेला घेऊनच उभे राहत. लोक हसू लागले, तेव्हा १९८९ मध्ये रंगमंचावर मद्य पिणे बंद झाले. जानेवारी २०२५ मध्ये ल्यूक लिटलर हा इंग्लिश मुलगा जगज्जेता झाला, तेव्हा त्याचे वय होते १७. त्या देशात १८ वर्षे पुरी झाल्याशिवाय पबमध्ये कोणाला बियरचा पेला विकत मिळत नाही.