रंग दिसेनात, तेव्हा यंत्रे दिसली : लक्ष्मणराव किर्लोस्करांची शिकण्याची वाट

१/ मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत एक विद्यार्थी चित्रकला शिकत होता. काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना उमगत नाही, हे त्याच्या ध्यानी आले आणि चित्रकार होण्याची वाट खुंटली. त्याने कुंचला खाली ठेवला आणि यंत्रांची रेखाटने हाती घेतली. तेथे रंगांचे काम नव्हते. हेच लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६).

२/ पुढे ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक झाले. १८८८ मध्ये थोरले बंधू रामूअण्णा यांच्या साथीने बेळगावात सायकलींचा व्यापार सुरू झाला. पुढे नोकरीत बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले.

३/ सायकल विकणे हा व्यापार होता. वस्तू घडविणे हे निराळे शास्त्र. कडबा कापण्याच्या यंत्रापासून त्यांनी ते शिकायला सुरुवात केली. १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला.

४/ पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. या नकाराला व्यवहाराचीही बाजू होती. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करी. लोखंडी नांगराला रोख पैसा मोजावा लागे. वस्तू उत्तम असणे आणि ती लोकांना आपली वाटणे यांतील अंतर येथे उमगले.

५/ नांगराचा जम बसू लागला, तोच नवे संकट आले. बेळगाव नगरपालिकेला वसाहतवाढीसाठी जागा हवी होती. कारखाना हलविणे भाग पडले.

६/ त्या सुमारास लक्ष्मणराव औंध येथे यमाई देवीच्या सभामंडपाचे काम करीत होते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचे ३२ एकर माळरान आणि १०,००० रुपयांचे कर्ज देऊ केले. जमीन निवडुंगाने भरलेली, पाण्याची वानवा. पण रेल्वे जवळ. लोखंड व कोळसा येणार, नांगर बाहेर जाणार, तो याच मार्गाने. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

७/ आता कारखान्याबरोबर गावही वसवायचे होते. घरे, पाणी, शाळा, स्वच्छता हे सारे मालकाच्या अभ्यासक्रमात आले.

८/ पहिल्या महायुद्धात परदेशी नांगरांची आवक आटली, मागणी वाढली. मात्र लोखंड आणि कोळसा दुर्मीळ झाले. कोळशाऐवजी लोणारी कोळसा वापरून पाहिला गेला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळगडावरील जुन्या तोफा दिल्या. त्या वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले.

९/ सर्वांत अवघड धडा मात्र निराळाच होता. लक्ष्मणरावांपाशी अभियांत्रिकीची पदवी नव्हती. सारे ज्ञान हाताने आणि डोळ्याने मिळविलेले. तरीही पुत्र शंतनुराव यांना त्यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे पाठविले. १९२६ मध्ये ते परतले. आपल्याहून अधिक शिकलेल्या पिढीला कारखान्यात जागा करून देणे, हे संस्थापकाला सहज साधत नाही.

१०/ नांगरापाठोपाठ पंप आले, इंजिने आली. १९४० च्या दशकात हरिहरला यंत्रनिर्मिती, पुण्यात तेल-इंजिने आणि बंगळुरूत विद्युत मोटारी असा पसारा वाढला. दर टप्प्यावर जुने कसब अपुरे पडले, आणि दर वेळी लक्ष्मणराव नव्याने विद्यार्थी झाले.