देहान्त प्रायश्चित्त

महापातक्याने स्वतःचा प्राण देऊन पापक्षालन करणे, हे धर्मशास्त्रातील सर्वांत कठोर प्रायश्चित्त. याज्ञवल्क्यस्मृतीत आचार आणि व्यवहार यांच्यासोबत प्रायश्चित्ताला स्वतंत्र अध्याय आहे. राजदंड चुकवला तरी पाप फिटत नाही, अशी ही मांडणी.

पुण्यात हे शास्त्र थेट सत्तेच्या दारात उभे राहिले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चुलते रघुनाथराव यांना दोषी ठरवून हेच प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले, अशी परंपरा आहे. रघुनाथरावांनी ते अर्थातच घेतले नाही. १७७५ मध्ये त्यांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला.

भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केलेल्या, पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात चौथा खंड पातक, प्रायश्चित्त, कर्मविपाक या विषयांपासूनच सुरू होतो.