आगीच्या बंदोबस्ताची हमी

यवतमाळ जिल्ह्याची श्रीमंती कापसावर उभी आहे, आणि कापसाचा सर्वांत जुना वैरी अग्नि होय. दिवाळीच्या सुमारास वणी, पांढरकवडा, दारव्हा, घाटंजी, दिग्रस या गांवांतील जिनांच्या आवारांत कापूस येऊं लागतो, त्याच्या उंच गंज्या रचल्या जातात, आणि उन्हें तापूं लागेपर्यंत रेचे फिरत असतात. त्या धांदलींत कापसाबरोबर एखादा खडा किंवा लोखंडी खिळा यंत्रांत जातो, रुळाशीं घासून ठिणगी उडते, आणि पाहतां पाहतां हंगामाची कमाई धोक्यांत येते. म्हणूनच प्रत्येक जिनांत वाळूच्या बादल्या, पाण्याची टांकी, नळ आणि भिंतीवर टांगलेलीं आग विझविण्याचीं नळकांडीं असतात. हीं साधनें ऐन वेळीं चालतील याची हमी कोणीं कोणाला द्यावयाची, हा प्रश्न मात्र दिसतो तितका सोपा नाहीं. त्याला दोनशें वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा बराचसा भाग कापसाच्या गिरण्यांतच घडलेला आहे.

वऱ्हाडचा हा भाग १९०५ सालापर्यंत वणी जिल्हा या नांवानें ओळखला जात असे. त्या सालीं वऱ्हाडच्या जिल्ह्यांची पुनर्रचना झाली आणि यवतमाळ हें नांव रूढ झालें. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ या काळांत यादवी युद्ध चालूं असतांना मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. तेव्हांपासून वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे साऱ्या जगाचे डोळे लागले. विसाव्या शतकाच्या आरंभीं किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थेखालीं यवतमाळहून मूर्तिजापुरापर्यंत अरुंद रुळांची आगगाडी सुरू झाली. पुढें 'शकुंतला' या लाडक्या नांवानें ओळखली गेलेली हीच ती गाडी. तिनें रुईच्या गांठी मोठ्या रेल्वेपर्यंत पोंचवाव्या आणि तेथून त्या मुंबई बंदरांत जाव्या, असा क्रम पडला. घरोघरच्या चरकीची जागा वाफेच्या जिनानें आणि दाबखान्यानें घेतली, आणि जो माल पूर्वीं शेंकडों घरांत विखुरलेला असे तो एका आवारांत, एका छपराखालीं येऊन पडला. संपत्ति एकवटली तशी आगीची भीतीहि एकवटली.

कापसाची आग लपून राहणारी असते, ही गोष्ट येथें ध्यानांत घेतली पाहिजे. दाबून बांधलेल्या गांठीच्या पोटांत ठिणगी शिरली तर ती ज्वाळा न दाखवितां तासन् तास, कधीं कधीं कित्येक दिवस, धुमसत राहते. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर जो अनर्थ झाला त्याचें मूळहि असेंच होतें. जहाजावर कापसाच्या सुमारें ८,७०० गांठी होत्या, आणि त्याच जहाजांत सुमारें १,४०० टन स्फोटक द्रव्यें होतीं. कापूस पेटल्याचें कळलें, बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. परंतु आगीचें नेमकें ठिकाण सांपडेना. दुपारीं चार वाजल्यानंतर झालेल्या स्फोटांनीं गोदी आणि भोंवतालची वस्ती उद्ध्वस्त केली. त्या दिवशीं अग्निशमन दलाचे ६६ जवान कामीं आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस भारतांत अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. आग उघडी पडल्यावर धांवाधांव करून भागत नाहीं, आधींची तयारीच उपयोगीं पडते, हें त्या दिवसानें भारी किंमत घेऊन शिकविलें.

आतां हमीच्या प्रश्नाकडे वळूं. बाजारांत एखादें यंत्र विकत घेतलें म्हणजे विकणारा 'वॉरंटी' देतो; ठराविक मुदतींत बिघाड झाल्यास भाग बदलून देण्याचें तें वचन असतें. विम्याच्या व्यवहारांत मात्र हाच शब्द उलट्या दिशेनें चालतो. तेथें वचन देणारा विमा उतरविणारा मालक असतो. आपली गिरणी अमुक प्रकारची आहे, अमुक बंदोबस्त तींत कायम ठेवला जाईल, असें तो लिहून देतो, आणि त्या शब्दावर विमा उभा राहतो. १८१५ सालीं इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढें स्कॉटलंडमधील एका गिरणीचा खटला आला होता. मालकानें आपली गिरणी पहिल्या प्रतीची असल्याचें विमापत्रांत हमीपूर्वक नमूद केलें होतें. गिरणी जळाली. चौकशींत असें निघालें कीं, दरपत्रकाप्रमाणें ती पहिल्या प्रतींत बसतच नव्हती. लॉर्ड एल्डन यांच्या न्यायासनानें ठरविलें कीं, हमी दिली असेल तर ती तंतोतंत पाळलीच पाहिजे. तो तपशील महत्त्वाचा होता कीं क्षुल्लक, हा प्रश्नच उद्भवत नाहीं. विमा कंपनीवरील दावा टिकला नाहीं.

हा निर्णय कठोर खरा. तथापि त्यानें हमीला जबाबदारीचें स्वरूप दिलें. त्या जबाबदारीची दुसरी बाजू अमेरिकेंत दिसून आली. ऱ्होड आयलंड संस्थानांतील झकरायाह ॲलन या गिरणीमालकानें आपल्या गिरणींत आगीविरुद्ध चांगला बंदोबस्त केला आणि त्या मानानें विम्याचा हप्ता कमी करावा अशी मागणी केली. विमा कंपन्यांनीं ती नाकारली. तेव्हां १८३५ सालीं त्यानें इतर गिरणीमालकांना एकत्र करून परस्परांच्या साह्यानें चालणारी विमा कंपनी काढली. जो गिरणी नीट राखील त्यालाच सभासद करून घ्यावयाचें, आणि तो ती नीट राखतो कीं नाहीं हें वेळोवेळीं जाऊन पाहावयाचें, असा या पद्धतीचा कणा होता. आग विझविण्याच्या साधनांची नियमित तपासणी ही कल्पना या व्यवहारांतून रुजली.

पुढें साधनेंहि सुधारलीं. कनेक्टिकट संस्थानांतील हेन्री पार्मली यानें आपल्या पियानोच्या कारखान्यासाठीं १८७४ सालीं स्वयंचलित फवाऱ्याचें पेटंट घेतलें; १८८१ सालीं फ्रेडरिक ग्रिनेल यानें त्यांत मोठी सुधारणा केली. छताखालीं पाण्याचे नळ फिरवावयाचे आणि त्यांच्या तोंडाशीं थोड्या उष्णतेनें वितळणाऱ्या धातूचा टांका लावावयाचा, ही त्यांतील युक्ति. सुमारें ६८ अंश सेंटिग्रेड उष्णता झाली कीं टांका सुटतो आणि नेमका त्याच जागीं पाण्याचा वर्षाव होतो. ही विद्या विदर्भांत फार लवकर पोंचली. जमशेटजी टाटा यांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं नागपुरास सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्यें असे फवारे बसविण्यांत आले, आणि हिंदुस्थानांत ते तेथेंच प्रथम आले असें टाटा उद्योगाच्या इतिहासांत नमूद आहे.

परंतु फवारा कितीहि चतुर असला तरी त्याच्या नळाला पाणी हवें. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघाच्या अहवालांत फवारे निकामी ठरण्याचें सर्वांत मोठें कारण दिलें आहे, तें यंत्राचा दोष हें नाहीं. कोणीतरी पाण्याची झडप बंद करून ठेवलेली असते, हें तें कारण होय. विक्रेत्याची हमी येथें निरुपयोगी ठरते, कारण यंत्रांत दोष नसतोच. म्हणून विक्रीच्या हमीपुढें देखभालीचा करार येतो. या करारांचे दोन प्रकार बाजारांत रूढ आहेत. एकांत केवळ ठरल्या वेळीं येऊन तपासण्याचें काम असतें आणि भागांचा खर्च मालकाकडे राहतो. दुसऱ्यांत भागहि करारांत समाविष्ट असतात. पुष्कळ हमीपत्रांत तर असेंहि कलम असतें कीं, मान्य कारागिराखेरीज दुसऱ्यानें यंत्र उघडलें किंवा ठरलेली तपासणी चुकली तर हमी संपुष्टांत येईल. स्वस्तांतला करार करणाऱ्याला हें कलम बहुधा आगीनंतर वाचावयास मिळतें.

भारतांत अग्निविम्याचे दर दीर्घकाळ एका समान दरपत्रकानें बांधलेले होते; १ जानेवारी २००७ पासून ते खुले झाले. त्या दरपत्रकांत आग विझविण्याचीं साधनें बसविणाऱ्याला हप्त्यांत सूट मिळत असे, पण विम्याच्या संपूर्ण मुदतींत तीं साधनें चालू स्थितींत ठेवण्याची हमी मालकाकडून घेतली जाई. १८१५ सालचें तत्त्व असें जिनाच्या दारापर्यंत येऊन पोंचलें. त्यानंतर राज्याच्या कायद्यानेंहि तेंच धोरण पत्करलें. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा २००८ सालीं अंमलांत आला. त्याप्रमाणें साधनें सुस्थितींत ठेवण्याचा भार इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर आहे, आणि परवानाधारक संस्थेचें तसें प्रमाणपत्र दर वर्षीं जानेवारी व जुलै या दोन महिन्यांत सादर करावयाचें आहे. विकणाऱ्याची मुदत एका वर्षांत संपली तरी मालकाची मुदत इमारत उभी असेपर्यंत संपत नाहीं, असा याचा सरळ अर्थ होय.

हा भार केवळ मालमत्तेचा नाहीं. ९ जानेवारी २०२१ च्या पहांटे विदर्भांतच, भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा अर्भकें दगावलीं. त्यानंतर राज्यांतील रुग्णालयांची अग्निसुरक्षेच्या दृष्टीनें तपासणी करण्याचे आदेश निघाले. तरीहि त्याच वर्षीं ६ नोव्हेंबर रोजीं अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत आग लागून रुग्ण मृत्युमुखीं पडले. तपासणीचा कागद आणि तपासणीनंतरची दुरुस्ती यांत किती अंतर असूं शकतें, याचा विचार प्रत्येक संस्थाचालकानें करावयास हवा.

यवतमाळच्या जिनवाल्याला तर या विचारांत आणखी एका गोष्टीची भर घालावी लागते. कायद्यानें नेमलेल्या दोन महिन्यांपैकीं जानेवारी हा ऐन हंगामाचा महिना. तेव्हां गंज्या सर्वांत उंच असतात आणि यंत्र थांबविण्यास सवड नसते. जुलैंत पेरण्या आटोपलेल्या असतात, जिन बंद असतात, आणि तपासलेलीं साधनें पुन्हां तीनचार महिने तशींच पडून राहतात. त्या मुदतींत उंदीर होज कुरतडतात, फवाऱ्यांच्या तोंडाशीं धूळ बसते, डिझेलच्या पंपाची बॅटरी उतरते, आणि नळकांड्यांतला दाब कमी होतो. कायदा पाळूनहि आवार असुरक्षित राहूं शकतें तें याच काळांत. म्हणून सरकारी दोन प्रमाणपत्रांखेरीज एक तिसरी तपासणी मालकानें आपण होऊन ठरविली पाहिजे, आणि ती देखभालीच्या करारांत तारखेनिशीं लिहून घेतली पाहिजे. पहिली कापसाची गाडी फाटकांतून आंत येण्यापूर्वीं पंप चालवून पाहावा, झडपा उघड्या असल्याची खात्री करावी, प्रत्येक नळकांडें उचलून त्यावरील काटा वाचावा, आणि तें सारें नोंदवहींत उतरून खालीं सही करावी. त्या सहीला विमा कंपनी, कायदा आणि जिनांत काम करणारीं माणसें, तिघेंहि हमी म्हणून धरतात.