चिंध्यांच्या बाहुलीची साक्ष

राजांचे ताम्रपट असतात, सरदारांच्या सनदा असतात. चिंध्यांच्या बाहुलीला असा कोणताच लेख लाभत नाही. जुन्या पेटीतून किंवा बाजारातून ती हाती येते, तेव्हा तिचा कर्ता, गाव व काळ यांपैकी काहीच ठाऊक नसते. अशा अनामिक वस्तूला इतिहासाच्या साधनांत स्थान द्यावे काय? द्यावे, असे माझे मत आहे. मात्र तिची साक्ष पारखून घ्यावी लागते.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये सुमारे १९ सेंटिमीटर उंचीची एक बाहुली आहे. ती इजिप्तमधील ऑक्सिरिंखस, म्हणजे आजचे बहनसा, येथील असून १९०५ साली संग्रहालयात आली. तिचा काळ इसवी सनाच्या पहिल्या ते पाचव्या शतकांच्या दरम्यानचा मानतात. अंग जाड्याभरड्या तागाच्या कापडाचे, म्हणजे जवसाच्या झाडापासून काढलेल्या सुताचे. आत चिंध्या व पपायरसचे तुकडे. डोक्याशी निळ्या काचेचा एक मणी. त्या मण्यावरूनच ही आकृती स्त्रीची असावी, असे अनुमान करतात. याच ठिकाणी ग्रेनफेल व हंट या पंडितांनी १८९६ पासून प्राचीन ग्रंथांच्या शोधार्थ उकिरडे उपसले होते. ज्या पपायरससाठी एवढा खटाटोप झाला, तोच कोणा गृहिणीच्या हाती बाहुलीच्या पोटाचे भरण झाला होता. त्या काळच्या घरात काय टाकाऊ ठरे, हे ग्रंथांपेक्षा ही बाहुलीच अधिक स्पष्ट सांगते.

स्थलकाल अज्ञात असलेल्या बाहुलीची परीक्षा करताना कापड, शिवण, रंग व भरण यांचा निरनिराळा विचार करावा लागतो. तिच्यातील सर्वांत नवा घटक तिच्या वयाची मर्यादा ठरवतो. पहिला कृत्रिम रंग पर्किनने १८५६ मध्ये शोधला. तेव्हा मूळ शिवणीतच कृत्रिम रंगाचा धागा असेल, तर बाहुली त्यापूर्वीची असणे शक्य नाही. याच्या उलट, कापड जुने म्हणून बाहुलीही जुनी, असे म्हणता येत नाही. चिंध्यांची बाहुली जुनेरांतूनच जन्मते. आजीच्या लुगड्यातून नातीची बाहुली होते. कर्ब-कालमापनानेही कळतो तो सुताच्या झाडाचा काळ, शिवणाऱ्या हाताचा नव्हे.

धाग्याचा पीळ हीही एक खूण आहे. प्राचीन इजिप्तमधील सूत बहुधा डावीकडे, तर भारतातील कापसाचे सूत उजवीकडे पिळलेले असे. तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके बंदरात सापडलेले पुष्कळसे सुती कापड भारतीय होते, हे ठरवताना संशोधकांनी या पिळाचा आधार घेतला.

परंतु वस्तूच्या देहावरून तिचे प्रयोजन सांगणे अवघड असते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात इजिप्तमधील मातीची एक लहान स्त्रीमूर्ती आहे. तिच्या अंगात १३ सुया टोचलेल्या आहेत. शिशाच्या पत्र्यावरील मंत्रलेख तिच्यासोबत सापडला, म्हणूनच ती वशीकरणाची ठरली. कोणती वस्तू कशाजवळ होती, ही माहिती एकदा गेली की प्रयोगशाळाही ती परत देऊ शकत नाही.

आपल्या दमट हवेत कापड फार काळ तगत नाही. नेवाशाच्या १९५४–५६ च्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन दोऱ्याचा अंश हाती आला, तो तांब्याच्या मण्यांत राहिल्यामुळे. तांब्याच्या क्षारांनी त्याला कुजू दिले नाही. आपल्या घरांतील बाहुल्यांना असे तांब्याचे कवच नाही. लाकडी ठकी दोन-तीन पिढ्या टिकते; चिंध्यांची बाहुली मात्र खेळणारी मुलगी मोठी झाली की पोतेऱ्यात जाते, आणि जिचे नाव कोणत्याही दप्तरात नाही अशा बाईच्या हातचे टाके तिच्यासोबत नाहीसे होतात.

म्हणून अशी बाहुली मिळाल्यास ती धुऊ नये. आजच्या साबणांतील शुभ्रक द्रव्ये अतिनील प्रकाशात चमकतात व परीक्षकाची दिशाभूल करतात. शिवण उसवू नये. भरण पाहावयाचे तर झिजलेल्या जागेतून पाहावे. आणि ती कोणत्या घरातून, कोणाकडून, कोणत्या वस्तूंसमवेत आली, हे त्याच दिवशी कागदावर लिहून तो कागद तिच्याजवळ ठेवावा. सांगणारी माणसे हयात आहेत तोवरच हे काम होण्याजोगे आहे.