पाणबुड्यांपर्यंत पोहोचणारा आवाज : नौदलाचे दुसरे दीर्घपल्ल्याचे रेडिओ केंद्र

भारतीय नौदलाच्या अतिनिम्न वारंवारतेच्या दुसऱ्या रेडिओ प्रक्षेपण केंद्राची पायाभरणी १५ ऑक्टोबर २०२४ रोजी तेलंगणमधील विकाराबाद जिल्ह्यात, दामगुंडम येथे, संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते झाली. नौदलाच्या जहाजांसाठी २०१३ पासून अवकाशात स्वतंत्र उपग्रह असताना जमिनीवर असे भव्य केंद्र कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

त्याचे उत्तर समुद्राच्या पाण्यात आहे. खारे पाणी विद्युतवाहक असल्याने उपग्रहाच्या उच्च वारंवारतेच्या लहरी पृष्ठभागाखाली जवळजवळ लगेच विरून जातात. ३ ते ३० किलोहर्ट्झच्या लहरी मात्र काही मीटर खोल शिरतात आणि भूपृष्ठ व आयनांबर यांच्या दरम्यान हजारो किलोमीटरचा प्रवास करतात. त्यामुळे पाणबुडीला पाण्याबाहेर न येता, म्हणजेच शत्रूच्या नजरेस न पडता, आदेश मिळू शकतो. या लहरींवरून संभाषण होत नाही. संथ गतीने सांकेतिक मजकूर तेवढा जातो. शिवाय हा संवाद एकतर्फी असतो, कारण १० ते १०० किलोमीटर तरंगलांबीच्या लहरी प्रक्षेपित करणारा अँटेना पाणबुडीवर मावणे अशक्य आहे.

हे काम नौदलासाठी तमिळनाडूतील तिरुनेलवेली जिल्ह्यातले आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र १९९० पासून करीत आहे. इंग्रजांनी १७९९ मध्ये फाशी दिलेल्या वीरपांड्य कट्टबोम्मन यांचे नाव त्याला दिले आहे. तेथील मनोऱ्यांची उंची ४७१ मीटर, म्हणजे कुतुबमिनारच्या सहापटींहून अधिक आहे.

अण्वस्त्रांचा प्रथम वापर न करण्याचे भारताचे धोरण आहे. साहजिकच, हल्ला झाल्यावरही राजकीय नेतृत्वाचा आदेश अरिहंत, अरिघात यांसारख्या पाणबुड्यांपर्यंत पोहोचण्यावर सारी भिस्त आहे. अशी जबाबदारी एकाच ठिकाणच्या मनोऱ्यांवर सोपविणे जोखमीचे ठरते. किनाऱ्यापासून दूर, देशाच्या अंतर्भागातील दुसरे केंद्र या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

प्रकल्पासाठी मात्र सुमारे २,९०० एकर वनजमीन देण्यात आली आहे. हैदराबादमधून वाहणाऱ्या मुसी नदीचा उगम याच जिल्ह्यातील अनंतगिरी डोंगरात होतो. वृक्षतोड आणि नदीच्या पाणलोटावरील परिणाम यांविषयी पर्यावरणप्रेमींनी घेतलेले आक्षेप न्यायालयापर्यंत गेले होते.