तुळजापूर ते तंजावर: पाच स्वरांच्या एका रागाची वाट

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरची भवानी ही भोसले घराण्याची कुलदेवता. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले, आणि कावेरीच्या खोऱ्यात मराठ्यांचे जे राज्य उभे राहिले ते १८५५ पर्यंत टिकले. व्यंकोजींचे धाकटे पुत्र तुकोजी इतिहासात ‘तुळजा’ या नावाने ओळखले जातात. देवीचे नाव असे दक्षिणेच्या गादीवर बसले. त्यांची कारकीर्द १७२८ ते १७३६, जेमतेम आठ वर्षांची. तिच्यातील लढाया आज फारशा कुणाला आठवत नाहीत. मात्र या राजाचा ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ कर्नाटक संगीताचा कोणताही अभ्यासक टाळू शकत नाही.

ग्रंथाचे महत्त्व कळण्यासाठी आधी एक साधा प्रश्न सोडवावा लागतो. पाच स्वरांचा राग म्हणजे काय?

शास्त्रात अशा रागाला ‘औडव’ म्हणतात. सात स्वरांतील दोन वर्ज्य करायचे, पाच ठेवायचे. षड्ज सोडता येत नाही. तेव्हा उरलेल्या सहांतून चार निवडायचे. अशा निवडी एका मेळातून पंधरा होतात. तंजावरातच, मराठ्यांच्या आधीच्या नायक राजवटीत, वेंकटमखी यांनी ‘चतुर्दण्डीप्रकाशिका’ ग्रंथात बहात्तर मेळांचा हिशेब मांडला होता. पंधरा गुणिले बहात्तर, म्हणजे एक हजार ऐंशी. त्यांतील पुष्कळ निवडी एकमेकींसारख्याच निघतात हे खरे, तरीही आकडा मोठाच राहतो. प्रत्यक्षात गायकांच्या गळ्यात रुजलेले औडव राग मात्र त्या मानाने थोडे.

कारण स्वर मोजून राग होत नाही. आपल्याकडचा भूप घ्या: सा, रे, ग, प, ध. देशकारातही नेमके हेच पाच शुद्ध स्वर आहेत. तरी भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गंधाराभोवती विसावतो आणि देशकार सकाळी धैवतावर उभा राहतो. दक्षिणेत याच पाच स्वरांना मोहनम् म्हणतात. तिथे स्वर गमकांनी आंदोलित होतात आणि रागाचा चेहराच पालटतो. शिवाय वर्ज्य स्वर मूक असल्यामुळे रागाचे कूळही सहज ठरत नाही. मध्यम आणि निषाद गायलेच जात नाहीत, म्हणून मोहनम् चार वेगवेगळ्या मेळांत बसू शकतो. दाक्षिणात्य शास्त्रकार त्याला हरिकांभोजीत घालतात, तर पंडित भातखंडे भूपाला कल्याण थाटात. दोघांपैकी चूक कुणाचीच नाही.

तुळजा राजाची दृष्टी इथेच वेगळी दिसते. रागाला मेळाखाली बसवून तो थांबत नाही. गीत, ठाय, आलाप यांत तो राग कसा चालतो, कोणत्या स्वरावरून कुठे वळतो, याची उदाहरणे तो देतो. त्यामुळे ‘संगीतसारामृत’ ही नुसती व्याख्यांची पोथी राहत नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तंजावरात प्रत्यक्ष काय गायले जात होते, याचा तो पुरावा ठरतो.

त्या पुराव्यात हंसध्वनी असणे शक्यच नव्हते. या रागाचे जनक मानले जाणारे रामस्वामी दीक्षितर १७३५ साली जन्मले, म्हणजे तुळजा राजाच्या मृत्यूच्या एकच वर्ष आधी. पुढे ते तंजावरच्याच राज्यातील तिरुवारूर येथे स्थायिक झाले. सा, रे, ग, प, नी या पाच शुद्ध स्वरांतून त्यांनी हा राग घडवला. भूपातील धैवत काढून त्या जागी निषाद ठेवला की स्वर तेच मिळतात. पण एवढ्या एका बदलाने भूपाचा शांत विसावा जातो आणि सगळी चाल वरच्या षड्जाकडे ओढ घेऊ लागते. मैफलीच्या आरंभी हा राग इतका शोभतो तो बहुधा याच ओढीमुळे.

त्यांचे पुत्र मुत्तुस्वामी दीक्षितर यांनी याच रागात ‘वातापि गणपतिम्’ ही कृती रचली. वातापी म्हणजे बदामी, चालुक्यांची राजधानी. ६४२ च्या सुमारास पल्लवांनी बदामी जिंकली तेव्हा सेनापती परंज्योतीने तिथला गणपती तमिळ देशात आणला, अशी कथा या कृतीला जोडून सांगितली जाते. पल्लवांचा विजय हा इतिहास आहे. गणपतीचा प्रवास मात्र लोककथा म्हणूनच ऐकावा.

हंसध्वनी मराठी मुलखात आला तो विसाव्या शतकात, आणि तोही तंजावरच्या भोसल्यांमार्फत नव्हे. उत्तरेतील बिजनौर भागातून मुंबईत येऊन स्थिरावलेल्या गवयांच्या वस्तीवरून भेंडीबाजार घराण्याला नाव मिळाले. या घराण्याचे अमान अली खाँ यांना कर्नाटक संगीताची विलक्षण ओढ होती. हिंदुस्थानी ख्यालात हंसध्वनी रुजवण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. इथे त्याला बिलावल थाटात जागा मिळाली, गमकांच्या ठिकाणी मींड आली, आणि शंकरा रागाची सावली पडू नये म्हणून गायकाला ऋषभ जपावा लागू लागला. लता मंगेशकर यांनी तरुणपणी त्यांच्याकडे तालीम घेतली होती. १९५६ च्या ‘परिवार’ चित्रपटात मन्ना डे यांच्यासह त्यांनी गायलेले, सलील चौधरींच्या चालीतले ‘जा तोसे नहीं बोलूँ कन्हैया’ याच हंसध्वनीतले आहे.